चालत्या गाडीचा हार

खंडेनवमीच्या पूजेसाठी आमच्या आबांचा एक कायदा होता. आबा म्हणजे माझे आजोबा. सैन्यात त्यांनी जन्मभर ट्रक चालवले आणि दुरुस्त केले, आणि निवृत्तीनंतर साताऱ्याजवळच्या आमच्या गावी येऊन ऊस लावला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते कोयता, कुदळ, नांगर, पाना, स्क्रू ड्रायव्हर असं सगळं घोंगडीवर ओळीनं मांडत, हळदकुंकू वाहत, आणि मग गाड्यांकडे वळत. ट्रॅक्टरला हार, त्यांच्या जुन्या मोटरसायकलला हार, गड्याच्या सायकललासुद्धा हार. पण आधी प्रत्येक गाडी चालू करून दाखवायची. सायकल असेल तर पायडल फिरवून. चालली तर हार, नाहीतर नाही. "मेलेल्याला हार घालायचा म्हंजे तेरावं," असं ते म्हणत, आणि त्यावर वाद घालायची घरात कुणाची टाप नव्हती. तेव्हापासून मीही माझ्या घरातल्या यंत्रांना हाच नियम लावते. बंद मिक्सर माझ्या ओट्यावर दुसऱ्या दिवशी दिसत नाही.

या कायद्यामुळं बापूकाकांची मोटरसायकल सलग काही वर्षं बिनहाराची राहिली. बापूकाका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. वडील फौजेत, आई त्यांच्याबरोबर छावणीत, म्हणून माझं अर्धं बालपण आबांकडे गेलं आणि कॉलेज सांगलीला आत्याकडे. बापूकाका मात्र फौजेत न जाता जहाजावर गेले, इंजिनरूममध्ये. आबांना ते कधी पटलं नाही. "आमच्या घरात बंदूक धरली न्हाई तर स्टिअरिंग धरलं. ह्यानं पाणी धरलं," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. काकांनी त्याच जहाजातून एका जपानी बंदरातून ती गाडी आणली. चार सिलिंडरची, आणि टर्बो. तेव्हा आमच्याकडे टर्बो हा शब्द फक्त ट्रकच्या पाठीवर रंगवलेला दिसे. मोटरसायकलवर तो वाचायला शेजारच्या वाड्यावस्त्यांवरून माणसं आली होती. एक हंगामभर ती गाडी गावात उडाली, मग काका जहाजावर परत गेले आणि ती गोठ्यात राहिली. पुढं जहाजावर काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं एका झडपेत गेली आणि ते कायमचे घरी आले, तोवर तिच्या सायलेन्सरमध्ये कोंबडीनं अंडी घातली होती, आणि इंजिन दगडासारखं घट्ट बसलं होतं.

त्या वर्षी श्रावणात आबांनी जाहीर केलं की गोठ्यात ट्रॅक्टरला लावायचा नवीन रोटाव्हेटर ठेवायचा आहे, जागा हवी. "दसऱ्याला सोनं वाटू. दुसऱ्या दिशी भंगारवाला येतोय, त्याला बापूचं लोखंड देऊ." काकांनी ताट जवळ ओढलं. जेवताना भाकरीचा तुकडा मोडत राहिले, तीनच बोटांनी. मी सुट्टीला आले होते. मला त्यांचं ते तुकडे मोडणं बघवलं नाही. रात्री हात धुताना ते म्हणाले, "शैले, इंजिन माझ्या डोक्यात सगळं हाय. पण बारीक स्क्रू धरायला बोटं न्हाईत." मी म्हटलं, "माझी दहा आहेत." माझ्या आयुष्यात फार विचार न करता बोललेली वाक्यं मोजकी आहेत. त्यातलं हे सगळ्यात चांगलं.

सांगाडा गावातच ठेवून आम्ही इंजिन हळदीच्या रिकाम्या पोत्यांत गुंडाळलं आणि मालाच्या टेम्पोतून सांगलीला आणलं, कारण सिलिंडर घासून देणारी चांगली वर्कशॉपं तिकडं होती, आणि आत्याच्या घराला मागं मोठी पडवी होती. आत्याला आम्ही सगळे अक्का म्हणायचो, मी अक्काआत्या. तिचे यजमान बदलीवर कोकणात, मुलं नाहीत, घरात ती, मिरजेहून करून आणलेला तिचा तंबोरा, आणि सकाळी त्याच्यावर दोन तास गाणं. इंजिन पडवीत उतरवलं तेव्हा तिनं त्याच्याकडे बघून नाकाला पदर लावला. "बापू, हे आत आणायचं नाही हं. माझ्या घरात सोवळं नाही, पण रॉकेल पण नाही." आठवड्याभरात तिची पोळपाटाखालची जुनी चादर, तीन परड्या आणि पुरणयंत्राची जाळी आमच्याकडे आलेली होती, आणि तीच संध्याकाळी भडंगाचं पातेलं घेऊन पडवीच्या पायरीवर बसायला लागली होती.

ते दिवस मला आवाजांनी आठवतात. सकाळी तंबोरा. मग डिझेलमध्ये भिजवलेल्या पिस्टनवर लाकडी ठोकळ्यानं मारलेले ठोके, ठक, ठक, आणि मध्येच काकांचं "हळू! बायकूवानी बोलाव त्याला, गड्या!" (मला ते गड्याच म्हणत, कामाच्या वेळी.) तिसऱ्या दिवशी दुसरा पिस्टन सुटला तेव्हा काकांनी पडवीत उडी मारली आणि त्यांचं डोकं वाशाला लागलं. मग व्हॉल्व्ह बसवायचं काम. त्याच्या तोंडाला बारीक पॉलिश लावून त्याला चिकटवलेली काठी दोन्ही तळहातांत धरून फिरवायची, ताक घुसळल्यासारखी. हे काम मात्र आत्यानं माझ्याकडून काढून घेतलं. "तुझ्या हातात लय नाही," म्हणाली, आणि भूप गुणगुणत एकेक व्हॉल्व्ह असा घुसळला की त्यात रॉकेल ओतून ठेवलं तर सकाळपर्यंत थेंब गळला नाही. काकांनी तिला वाकून नमस्कार केला. खरोखर. तिनं त्यांना पातेल्यातलं भडंग मूठभर दिलं.

टर्बो म्हणजे काय हे मला त्या पडवीतच कळलं. काकांनी हातात शंखासारखा एक धातूचा गोळा दिला. आम्ही त्याला शंखच म्हणायला लागलो. "बघ. चूल पेटंना तर तू काय करतीस?" "फुंकणीनं फुंकते." "व्हय. आता समज फुंकणी फुंकायला माणूसच नको. चुलीतला धूर जाताजाता एक पंखा फिरवतो, त्या पंख्याच्या दांड्याला पलीकडं दुसरा पंखा, तो हवा ढकलतो परत चुलीत. जितका धूर, तितकी फुंकर. जितकी फुंकर, तितका जाळ." मी त्या शंखाच्या तोंडावर फुंकर घातली. आत पंखा भिरभिरला, अगदी आवाज न करता. इतकं आवडलं की मी तो शंख दिवसभर हातात घेऊन फिरले. आजही कुणी मला यंत्र समजावून सांगायला लागलं आणि त्यात चूल, विहीर, पोहरा असं काही नसलं, तर मला वाटतं, ह्यालाच ते नीट कळलेलं नाही.

कार्बोरेटर चार होते, एका ओळीत जोडलेले, प्रत्येक सिलिंडरला एक. इतकी वर्षं पडून आतलं पेट्रोल वाळून गुळाच्या काकवीसारखं झालं होतं. प्रत्येकाच्या पोटात पितळेचे छोटे छोटे जेट होते, मध्ये केसाएवढं भोक असलेले स्क्रू, त्या भोकातूनच पेट्रोल मापात येतं. त्यात तार घालायची नाही, हा काकांचा पहिला धडा. तार घातली की भोक मोठं होतं आणि माप जातं. रॉकेलमध्ये भिजवायचं, सायकलच्या पंपानं हवा मारायची, आणि शेवटी सूर्याकडे धरून बघायचं. पलीकडं गोल, स्वच्छ उजेडाचा ठिपका दिसला की झालं. मला सवयीनं सगळं वेगवेगळं ठेवायचं होतं, म्हणून मी आत्याचा जुना चार पुडांचा जेवणाचा डबा घेतला. वरचं पूड डावीकडचा कार्बोरेटर, खालचं उजवीकडचा. प्रत्येकाचं सगळं त्याच्या त्याच्या पुडात. माझ्या मते हा अजूनही जगातला सगळ्यात चांगला कप्पा आहे.

पण घटस्थापना जवळ आली होती. आमच्याकडे घट बसण्याआधी घरातलं पितळ सगळं निघतं. देवाची समई, ताम्हन, पळी, सगळं चिंच लावून घासायचं. मी कॉलेजला गेले, काका वर्कशॉपवर गेले, आणि आत्यानं देवघरातलं पितळ काढताना पडवीत नजर टाकली. डब्यात पितळ! काळपटलेलं! आम्ही परत आलो तेव्हा परातीत तबकांच्या शेजारी ते सगळे जेट सोन्यासारखे लखलखत वाळत होते, आणि आत्या समाधानानं म्हणाली, "बघ, कशी झाली. आणि परत चारी पुडांत भरूनही ठेवते. सारखी सारखी वाटून."

मी डब्याची चारही पुडं उघडून बघितली, रिकामी. काका मात्र खदाखदा हसले. "प्रसाद हाय व्हय गं, सारखा सारखा वाटायला?" मग मला म्हणाले, "असू दे शैले. चारी भाऊ एकाच आईचे. काय फरक पडतो?" आणि आम्ही ते बसवले. त्या वेळी आम्हा तिघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही, हे लिहिताना मला अजून हसू येतं.

घट बसल्यावर अक्काआत्या माहेरपणाला आमच्याबरोबर गावी आली. इंजिनही आलं, त्याच हळदीच्या पोत्यांत, पिवळं होऊन. गोठ्यात कोंबड्या हाकलून सांगाड्यात बसवायला दोन दिवस गेले. आबा रोज सकाळी पूजा झाली की दारात येऊन उभे राहायचे, हात पाठीमागं, आणि बघायचे. एकदाच बोलले. "तो बोल्ट उलटा फिरवतीस." मी बघितलं तर खरंच उलटा फिरवत होते.

पहिल्यांदा ती सुरू झाली तेव्हा गोठ्यातली म्हैस दावं तोडून गेली. पण गाडी अशी थरथरत होती की आरशात काही दिसेना. काकांनी शंखाकडून हवा आणणारा डबा काढून चारी कार्बोरेटरची तोंडं उघडी केली. "चारी एकसारखं ओढत न्हाईत. जहाजावर ह्याला घड्याळं असतात. इथं कान." त्यांनी रबराची एक नळी घेतली, एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानात. ऐकलं. डोकं हलवलं. मला दिलं. मला सगळी सूंसूंच वाटली. तेव्हा दारात उभ्या असलेल्या आत्यानं हात पुढं केला. "आण इकडं." पदर खोचून, उपासाची साबुदाण्याची वाटी एका हातात तशीच धरून तिनं नळी कानाला लावली. पहिला. दुसरा. तिसऱ्यावर थांबली. "हा उतरलाय. चढव." काकांनी स्क्रू फिरवला. "अजून. अजून जरा. बास! आता चौथा जास्त झाला. तंबोऱ्याच्या चार तारा बघितल्यास का कधी, बापू? एक बेसूर झाली की बाकीच्या तिघींवर राग काढते." थोड्या वेळानं थरथर अशी गेली की इंजिनाच्या डोक्यावर ठेवलेली तिची वाटी हलेना. आबांनी ती वाटी बघितली, मग आत्याकडे बघितलं. "तू फौजेत भरती व्हायला पायजे हुतंस, अक्का."

आम्हाला वाटलं झालं. काकांनी यवतेश्वरच्या घाटाकडं गाडी काढली, मी मागं. सपाटीवर ती मांजरासारखी गेली. चढ लागला, काकांनी तीन बोटांनी मूठ पिळली, शंखातून शिट्टीसारखा बारीक आवाज आला, आणि त्याच क्षणी गाडी खोकायला लागली. धापा टाकत, धक्के देत. काकांनी मूठ सोडली की शांत, पिळली की परत तेच. परत आलो. आबांनी तो खोकला अंगणातूनच ऐकला होता. ते पाण्याची बारी बघायला उसात निघून गेले, आणि ते ओरडण्यापेक्षा जास्त लागलं.

तेव्हा काकांनी जेट परत काढले आणि आबांचं भिंग मागून घेतलं. प्रत्येक कार्बोरेटरच्या मुख्य जेटवर बारीक आकडा कोरलेला होता. दोघांवर एक आकडा, दोघांवर दुसरा. दोन भोकं मोठी, दोन लहान. चारी भाऊ सारखे नव्हते. आत्यानं तोंडावर हात ठेवला. "म्हणजे माझं घासणं नडलं का?"

"घासणं न्हाई अक्का, वाटणं," काका म्हणाले. "पण चकाकत्यात तरी!"

प्रश्न एवढाच होता की मोठे कुठं आणि लहान कुठं. गाडीबरोबर आलेलं पुस्तक जपानीत, चित्रांपुरतं. काकांनी विचार केला आणि आमच्या घराला शोभेल असं उत्तर दिलं. "पाटाचं पाणी कसं असतं? शेवटच्या वाफ्याला कमी पोचतं. टोकाच्या दोघांना लांबून यावं लागतं, म्हंजे टोकाला मोठी भोकं." मलाही पटलं. मोठे टोकाला, लहान मध्ये. परत घाट. या वेळी खोकला गेला, पण त्याहून वाईट झालं. शिट्टी सुरू होताच इंजिनातून तडतड आवाज आला, फुटाणे भाजल्यासारखा. काकांनी तत्क्षणी इंजिन बंद केलं. त्यांचा चेहरा उतरला. "मधले दोघं भाजत्यात. अजून शंभर पावलं गेलो असतो तर पिस्टनला भोक पडलं असतं. मग भंगारच." आम्ही गाडी उतारावरून ढकलत आणली. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती.

संध्याकाळी साताऱ्यात नवे स्पार्क प्लग मिळतात का बघायला मी वडापच्या, म्हणजे सीटमागे पैसे घेऊन माणसं भरणाऱ्या जीपनं निघाले. सणाचे दिवस, जीप खच्चून भरलेली. मागच्या बाकावर आम्ही चौघं. दोन टोकांना दोन माणसं, त्यांच्या अंगावर बाहेरचं वारं, एकजण तर झोपलेला. आणि मध्ये मी आणि एक झेंडूच्या फुलांची पाटी मांडीवर घेतलेली बाई, दोघी घामानं निथळत. ती म्हणाली, "आवं ताई, कडंच्यांना काय, वारं लागतंय. मरण मधल्यांचं. पाणी तरी आणायला हवं हुतं." मी बाकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. मग ओरडले, "थांबवा! गाडी थांबवा!" ड्रायव्हरला वाटलं कुणी पडलं. मी उतरले आणि उलट्या दिशेनं पळत सुटले. मागून ती बाई विचारत होती, "ताईला काय झालं?" मी तिचं नावसुद्धा विचारलं नाही. माझ्या आभाराच्या यादीत तिची जागा आजही रिकामी आहे.

काका गोठ्यात बादली उपडी घालून बसले होते. मी धापा टाकत म्हटलं, "काका, पाटाचं पाणी नाही. वडाप. कडेच्यांना वारं लागतं. मधले दोघं गरम होतात, त्यांना पाणी जास्त पाहिजे. मोठे जेट मध्ये." काकांनी मधल्या दोन सिलिंडरवर हात ठेवला. मग हळूच म्हणाले, "पेट्रोल थंडावा देतं. जास्त पेट्रोल, कमी तडतड." आणि एकदम उठले. "धर पाना!"

सकाळी आबांनी घोंगडी अंथरली. कोयता, कुदळ, पाने, सगळं ओळीत. ट्रॅक्टर चालू झाला, हार. जुनी मोटरसायकल, हार. सायकलचं पायडल फिरलं, हार. मग ते गोठ्यासमोर आले, हातात शेवटचा झेंडूचा हार घेऊन. काकांनी बटण दाबलं. चारी सिलिंडर एका दमात लागले, आणि अंगणात तो आवाज भरला, आत्याच्या तंबोऱ्यासारखा, फक्त मोठा. आबांनी तिच्याभोवती एक चक्कर मारली. "जागेवर चालती ती पिठाची गिरण. घाट चढली का?"

काकांनी बटणावरचा हात काढला. आम्ही अजून चढलोच नव्हतो.

"मग चढवा. मी बसतो मागं. आणि बापू, तू न्हाई. तुझी बोटं कमी, आणि तुला लय घाई." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "जिनं बांधली ती चालवंल." त्यांच्या जुन्या मोटरसायकलवर उसाच्या बांधावरून मी शिकले होते, पण ही तिच्या दुप्पट वजनाची. आत्यानं ड्रेसची ओढणी माझ्या कमरेला बांधली. आबांनी इंजिन चालू असतानाच हेडलाइटला हार घातला, "चालतीला घातलाय, नियमात हाय," म्हणाले, फेटा घट्ट केला आणि माझ्या मागं ताठ बसले, फौजेच्या ट्रकमध्ये बसावं तसे.

घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत मी जपून नेली. मग आबांनी पाठीवर एक थाप मारली. "काय गं, बैलगाडी हाकतीस?" मी मूठ पिळली. शंखानं शिट्टी घातली. मी कान तडतडीकडे लावले. तडतड नव्हती. खोकला नव्हता. फक्त ती शिट्टी चढत गेली आणि कुणीतरी मागून ढकलावं तशी गाडी सुटली. हेडलाइटवरचा झेंडू फुटला. पाकळ्या माझ्या अंगावरून, ओढणीवरून मागं उडायला लागल्या. आरशात बघितलं तर आबांचा पांढरा फेटा पिवळा झालेला, मिशांत केशरी पाकळ्या, डोळे बारीक, आणि ते तोंड उघडून हसत होते. तोंडात पाकळी गेली, थुंकले, परत हसले. मी त्यांना इतकं मोठ्यानं हसताना कधी ऐकलं नव्हतं. माथ्यावर थांबलो तेव्हा हेडलाइटला नुसता दोरा होता आणि दोन आंब्याची पानं. खाली सातारा दिसत होता. आबा उतरले, इंजिनावर हात धरला, तव्यावर धरतात तसा, आणि मागं घेतला. "परत चल. हळू न्हाई."

अंगणात काका कडुलिंबाखाली उभे होते, अधू हात दुसऱ्या हातात धरून. त्यांनी घाटाकडून येणारा आवाज सगळा ऐकला होता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, पण आबांच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्यांना खरं वाटणार नव्हतं. आबा गाडीवरून उतरले. फेट्यातल्या पाकळ्या झटकल्या. हेडलाइटवरचा दोरा सोडवून बोटाला गुंडाळत काकांजवळ गेले आणि तो त्यांच्या तीन बोटांत ठेवला.

"बापू," ते म्हणाले, "हार पुरला न्हाई. उद्यासाठी मोठा आण. आणि त्या भंगारवाल्याला सांग, येऊ नको. गोठ्यात हीच राहील, रोटाव्हेटर पावसात."